‘संस्था आपलीच हाय’ म्हणजे नक्की कुणाची? कोल्हापूरच्या सहकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करवीर तालुक्यातल्या एका गावात मी २६ वर्षं विकास सेवा सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या संस्थेचा, सेक्रेटरी होतो. निवृत्त झालो, तरी टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रक्षाविसर्जनाला नदीवर उभं असतानासुद्धा लोकांनी मला हेच प्रश्न विचारले. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. हा वकिलाचा सल्ला नव्हे. ज्यानं कीर्द-खतावणी लिहिली, त्याचं हे म्हणणं.

सहकार कोल्हापुरातच एवढा का पिकला?

पाण्यामुळे. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी यांची मिळून पंचगंगा. शिवाय वारणा, दूधगंगा, वेदगंगा. नदी उशाला, पण शेत टेकावर. दीड एकरवाला एकटा नदीत मोटर टाकून दोन किलोमीटर पाइप ओढू शकत नाही. दोनशे जणांनी मिळून पाणीपुरवठा संस्था काढली, कर्ज उचलून जॅकवेल, म्हणजे नदीकाठची पाणी उपसायची विहीर बांधली, तेव्हा कुठं पाणी वर चढलं. पाणी आलं म्हणून ऊस आला, आणि ऊस आला म्हणून कारखाना लागला. आमच्याकडे तत्त्वज्ञान नंतर आलं, आधी आली ती मोटर.

त्याआधीची पेरणी शाहू महाराजांची. १८९५ मध्ये त्यांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाला बाजार मिळाला. राधानगरी धरणाचं कामही त्यांनीच हाती घेतलं. ब्रिटिश मुलखातला सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ चा. कोल्हापूर संस्थान वेगळं, तरी १९१३ मध्ये इथं अर्बन बँक निघाली. जिल्हा मध्यवर्ती बँक १९३८ ची, तर बैलाच्या छापानं ओळखला जाणारा शेतकरी सहकारी संघ १९३९ चा. म्हणजे १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, तेव्हा चार माणसांनी पैसे एकत्र करून धंदा करायची सवय इथं आधीच लागलेली होती.

नंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना काढून दाखवला. आपल्याकडे रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीला पंचगंगा उभा केला, तात्यासाहेब कोरे यांनी वारणेच्या माळावर कारखाना, दूध संघ, बाजार, शाळा असं गावच वसवलं. भाषणात एक गोष्ट मात्र गाळली जाते. या कारखान्यांत सरकारनं भागभांडवल घातलं होतं आणि कर्जाला हमीही दिली होती. शेतकऱ्याच्या घामाइतकाच त्यात सरकारी तिजोरीचाही वाटा आहे, आणि तिजोरी आली की तिच्यामागून राजकारण येणारच.

कर्ज सोसायटीचं, मग कारखान्यानं माझं बिल परस्पर कसं कापलं?

कारण तुम्हीच तसं लिहून दिलंय. कर्जरोख्यावर सही करताना वाचलं नसेल, एवढंच.

साखळी अशी आहे. नाबार्डकडून राज्य बँक, तिच्याकडून जिल्हा बँक, तिच्याकडून गावची सोसायटी आणि सोसायटीकडून तुम्ही. तुमच्या उसाची नोंद कारखान्याकडे असते. ऊस गेला की बिल बँकेच्या शाखेत येतं. तिथं आधी सोसायटीचं पीककर्ज, मग पाणीपट्टी, मग संघाचं खत कापून उरलेलं तुमच्या हातात. मुदतीत फेडलं, तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर व्याज सवलतीमुळे शून्य टक्के पडतं. म्हणून आमच्या सोसायटीची वसुली मार्चअखेर जवळपास पूर्ण व्हायची. मला कुणाच्या दारात जावं लागत नसे, कारखान्याचं बिल हाच आमचा वसुली अधिकारी.

ज्या जिल्ह्यांत ऊस नाही, तिथं काय झालं ते पाहा. नागपूर, वर्धा, बुलढाण्याच्या जिल्हा बँका रिझर्व्ह बँकेच्या परवान्याअभावी अक्षरशः बंद पडल्यासारख्या झाल्या होत्या. आपल्या बँकेवरही मध्ये प्रशासक आला होता. पण त्या वेळी अडकलेल्या रकमेत मोठ्या संस्थांची कर्जं होती. दीड एकरवाल्याचं कर्ज त्याच्या बिलातून आधीच कापलं गेलेलं होतं.

आता याच साखळीची दुसरी बाजू. कर्ज, पाणी, खत, ऊसतोड, दूध, पोराची नोकरी, सगळं एकाच माळेत. कारखान्याचा संचालक, बँकेचा संचालक आणि पाणी संस्थेचा चेअरमन एकाच गटाचे. कधीकधी एकाच घरातलेही. अशा वेळी सभेत उठून बोलायचं म्हणजे कारखान्यानं तोड लांबवली तर आपला ऊस फेब्रुवारीपर्यंत रानात वाळत ठेवायची तयारी लागते. लोक भित्रे नाहीत, हिशेबी आहेत. कोल्हापूरच्या सहकाराला बळ ज्या जोडणीनं दिलं, तिनंच त्याचं तोंड बांधलंय, असं माझं मत झालंय. पुढची बरीच उत्तरं त्याभोवतीच फिरतील.

एफआरपी म्हणजे काय, आणि हातात कमी का पडते?

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर) क्विंटलला ३५५ रुपये. त्यापुढे उतारा ०.१ टक्क्यानं वाढला की क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे जास्त.

समजा, कारखान्याचा उतारा १२.२५ आहे. वरचे २ टक्के म्हणजे २० टप्पे, त्याचे ६९ रुपये २० पैसे. झाले ४२४ रुपये २० पैसे क्विंटल, म्हणजे टनाला ४,२४२. हा आकडा ऐकून माणूस खूश होतो. पण यातून तोडणी-ओढणी वजा होते. ती समजा ८५० धरली, तर हातात ३,३९२. जयसिंगपूरला शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते, तिथं जी भांडणं होतात ती बऱ्याचदा या वजाबाकीवर आणि उताऱ्यावर असतात. शेजारच्या कारखान्याचा उतारा १२.५ आणि आपला ११.८ का, हे विचारायला हवं. ऊस एकाच शिवारातला, मग साखर कुठं मुरली?

ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, नाहीतर १५ टक्के व्याज, असं ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे व्याज मागितल्याशिवाय कुणी देत नाही. थकवलंच, तर साखर आयुक्त आरआरसी काढतात, म्हणजे महसुली थकबाकीसारखी वसुली होते. राज्य सरकारनं २०२२ मध्ये एफआरपीचे दोन तुकडे करायला परवानगी दिली होती. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. एकरकमी एफआरपी मिळाली ती भांडूनच. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला हसणारे लोकही बिल मात्र तिथं ठरलेल्या दरानंच घेतात.

कारखान्याची बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल सेक्रेटरी एकतर्फी बोलतो. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरली आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिली. एफआरपी त्याच काळात क्विंटलला २७५ वरून (तेव्हा १० टक्के उताऱ्याला) ३५५ वर गेली. मधला खड्डा कारखाना कर्जानं भरतो. साखर गोदामात, तिच्यावर बँकेचं मालतारण कर्ज, त्या कर्जातून तुमचं बिल. ज्याच्याकडे डिस्टिलरी आणि सहवीज (उसाच्या चिपाडावर तयार होणारी वीज) आहे तो तग धरतो. नुसती साखर करणारा खोकतो.

सहकारी कारखाने भाड्यानं का जातात? खासगीवाल्यांना कसं परवडतं?

खासगीवाल्याला नातेवाइकांची भरती करावी लागत नाही. एवढ्यावर थांबलो तरी चालेल, पण आणखी दोन कारणं आहेत. निवडणूक तोंडावर असली की सहकारी कारखाना परवडत नसलेला दर जाहीर करतो. ते कर्ज पुढच्या संचालकांच्या, म्हणजे पुन्हा सभासदाच्याच डोक्यावर. आणि विस्तार करताना ऊस किती आहे हे न बघता गाळप क्षमता वाढवली जाते. मग १६० दिवसांचा हंगाम शंभरावर येतो, कामगारांचा पगार मात्र बारा महिन्यांचा.

भाड्यानं दिलं की सभासदाला वाटतं कारखाना चालू आहे, काय बिघडलं? बिघडतं हे, की सभेत विचारायला समोर कुणीच नसतं. भाडेकरू म्हणतो करार बघा, संचालक म्हणतात भाडेकरूला विचारा.

काही चांगलंही घडतं, तेही नोंदवतो. शिरोळ तालुक्यात पाणी पाजून पाजून जमिनी मिठागर झाल्या होत्या. तिथल्या दत्त कारखान्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणायचं काम शेतकऱ्यांना एकत्र करून चालवलं. एकट्याच्या रानात पाइप घालून उपयोग नसतो. पाणी काढून द्यायला शेजाऱ्याचं रान लागतं. सहकार नेमका कशासाठी असतो ते मला विचाराल, तर मी हे उदाहरण देईन.

दुधाला फॅट बसत नाही. संस्था मारते का?

कधी मारते, कधी म्हैसच मारते. उन्हाळ्यात हिरवा चारा नाही, नवीन व्यालेली म्हैस, सकाळचं दूध आणि संध्याकाळचं दूध, या सगळ्यानं फॅट हलते. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), म्हशीच्या दुधाला ६ आणि ९ असा दराचा पाया धरतात; त्याच्या खाली गेलात की कपात, वर गेलात की वाढ.

शंका असेल तर घरी निघताना कॅन चांगला हलवून छोट्या बाटलीत नमुना काढा आणि दुसऱ्या संस्थेत तपासून घ्या. एकदा फरक निघेल, दोनदा निघेल. तिसऱ्यांदा निघाला तर काट्यासमोर, चार उत्पादकांच्या देखत बोला. आमच्या गावात एक वहिनी असं बोलल्या होत्या. पुढच्या दहा दिवसांच्या बिलात अख्ख्या गल्लीची फॅट वाढली. म्हशीनं एकाएकी पेंड जास्त खाल्ली असणार!

दुधाचं अर्थकारण उसापेक्षा निराळं आहे. उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि कर्जात जातो. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो आणि घर चालवतो. शिवाय दिवाळीला दर फरक, म्हणजे वर्षभराच्या दुधावरची वाढीव रक्कम. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपलं गोकुळ, १९६३ चा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ऊस पाण्याखाली कुजला, पण जनावरं उंचावर नेता आली तिथं पुन्हा पहिला पैसा दुधानंच हातात आला.

‘ठराव’ म्हणजे काय? माझ्या घरातून रोज दूध जातं, मग गोकुळला माझं मत का नाही?

कारण संघाच्या सभासद गावच्या दूध संस्था आहेत, तुम्ही नाही. तुम्ही गावच्या संस्थेचे सभासद. संस्था ठराव करून एका माणसाला मतदानाचा अधिकार देते, तो ठरावधारक. २०२१ च्या निवडणुकीला जिल्ह्यात असे साडेतीन हजारांच्या आसपास ठराव होते. लाखो दूध उत्पादकांचा कारभार इतक्या मतांवर ठरतो.

मतं मोजकी, म्हणून एकेका मताला भाव. ठराव कुणाच्या नावानं करायचा यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेले मी पाहिलेत. निवडणूक आली की ठरावधारक गावात दिसत नाहीत. कुठं आहेत विचारलं तर घरचे म्हणतात, देवदर्शनाला गेलेत. कोल्हापूरच्या ठरावधारकाइतका देवभक्त माणूस महाराष्ट्रात नसेल.

गोकुळच्या २०२१ च्या निवडणुकीत वर्षानुवर्षांची सत्ता बदलली. ते बरं की वाईट यावर मी इथं बोलणार नाही, गावात राहायचंय. तुम्ही एवढंच करा: ठराव होतो त्या संस्थेच्या बैठकीला कोण हजर होतं, ते इतिवृत्तात पाहा. सह्या बऱ्याचदा एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या असतात.

मल्टिस्टेटवरून एवढा गदारोळ कशाला झाला होता?

राज्याच्या कायद्याखालची संस्था आपल्या जिल्ह्यातल्या उपनिबंधकाला, पुण्याच्या आयुक्ताला उत्तर देते. बहुराज्य झाली की दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकाला. आपण कर्नाटकच्या सीमेवर, बेळगावकडचं दूध येतं, म्हणून कागदावर कारण पटण्यासारखं असतं. पण शिरोळच्या उत्पादकानं तक्रार घेऊन दिल्लीला जायचं का? गोकुळच्या २०१८ च्या सभेत तसा ठराव आला, जिल्हा पेटला, आणि शेवटी तो मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये बहुराज्य कायदा सुधारून निवडणूक प्राधिकरण आणि सहकारी लोकपाल आणलाय. आधीपेक्षा बरं. तरी कोल्हापूरचं उपनिबंधक कार्यालय एसटीनं गाठता येतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

पतसंस्था बँकेपेक्षा जास्त व्याज देते. ठेव ठेवू का?

बँक आणि पतसंस्था यांत फरक आहे, हे अजूनही अर्ध्या गावाला माहीत नाही. सहकारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नजरेखाली असते आणि तिथल्या ठेवीला विमा असतो. फेब्रुवारी २०२० पासून माणशी ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज धरून. २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेत लोक अडकले, त्यानंतर कायदा सुधारला आणि निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद झाली. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटी कितीही चकचकीत असो, आत एसी असो.

माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीचे पैसे तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. चेअरमन देवमाणूस, असं सगळे म्हणत. मी स्वतः सहकारात, तरी ताळेबंद बघितला नाही, कारण जावयानं सासऱ्याच्या पैशात तोंड घालू नये. संस्था अडकली तेव्हा कळलं की मोठी कर्जं संचालकांच्याच पाहुण्यांना, एकाच जागेचं तारण तीनदा. चौकशी बसली, जबाबदारी निश्चितीसाठी कलम ८८ ची फाइल फिरली. सासऱ्यांना पैसे तुकड्या-तुकड्यानं मिळाले, शेवटचा तुकडा त्यांच्या वर्षश्राद्धानंतर.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो: अहवालातलं फोटोचं पान सोडा, ताळेबंद उघडा. थकबाकी किती टक्के? ‘येणे व्याज’, म्हणजे हिशेबात धरलेलं पण हातात न आलेलं व्याज, दरवर्षी फुगतंय का? फुगत असेल तर नफा कागदावरचा आहे. ऑडिट वर्ग ‘अ’ असला तरी दोष दुरुस्ती अहवाल मागा. आणि शेजारच्या तीन संस्थांपेक्षा व्याज दीड-दोन टक्के जास्त असेल, तर ते कुठून येतं हे विचारा. उत्तर ‘साहेबांच्या कृपेनं’ असं आलं, तर पासबुक घेऊन घरी या.

चांगल्या पतसंस्थाही आहेत. फेरीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला वीस हजारांसाठी कोणती बँक दारात उभं करते?

कर्जमाफी चांगली की वाईट?

बुडालेल्याला चांगली, भरणाऱ्याला चेष्टा. २००८, २०१७, २०१९, दर वेळी नियमित फेडणारा सभासद माझ्या टेबलासमोर येऊन म्हणायचा, “सेक्रेटरी, आमचंच चुकलं नव्हं?” उत्तर माझ्याकडे नसायचं.

कोल्हापुरात तर २००८ च्या माफीचं शेपूट फार लांबलं. कमाल मर्यादेपेक्षा जास्त दिलेलं पीककर्ज अपात्र ठरवून ११२ कोटींची माफी परत घेतली गेली. शेतकऱ्याला माफीचं पत्र मिळालं होतं, त्यानं पेढे वाटले होते, आणि पुन्हा थकबाकीदार म्हणून नाव लागलं. मर्यादा शेतकऱ्यानं ठरवली नव्हती, कर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं नव्हतं. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या यादीतल्या एका म्हाताऱ्या अण्णांनी माझ्याशी आजही बोलणं ठेवलेलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही.

वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा हक्क आहे का? विचारला तर?

आहे. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, तिची नोटीस आणि अहवाल आधी मिळायला हवा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम ३२ पाठ करून ठेवा: पोटनियम, लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि तुमचे स्वतःचे व्यवहार तुम्ही कार्यालयात फुकट पाहू शकता, फी भरून नकलाही मागू शकता. एक सभासद, एक मत. शेअर पाच असोत की पाचशे.

व्यवहारात काय होतं? पुढच्या रांगा सकाळी आठलाच भरलेल्या असतात. अहवाल वाचन सुरू झालं की ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि बारा विषय दहा मिनिटांत संपतात. कोरम, म्हणजे ठरलेली किमान हजेरी नसली तर सभा अर्धा तास तहकूब, मग त्याच जागी पुन्हा, तेव्हा कोरमची अट नाही. ही पळवाट मीसुद्धा वापरली आहे, खोटं कशाला बोलू?

म्हणून प्रश्न तोंडी विचारू नका. सभेच्या आधी लेखी द्या, पोच घ्या आणि एकट्याच्या सहीनं देऊ नका. पंधरा सह्या असल्या की पंधरा जणांची तोड अडवणं शेती ऑफिसरला जमत नाही, कारखान्यालाही ऊस लागतोच.

या सगळ्यात बायका कुठं आहेत? ऊसतोड कामगार?

शेण काढणं, वैरण, धार, संस्थेत दूध घालणं, सगळं बाईचं. पासबुक बहुतेक घरात पुरुषाच्या नावावर. संचालक मंडळात दोन महिला जागा आहेत, आणि त्या भरल्याही जातात. सह्या घ्यायला वही घरी पाठवली जाते. गोकुळ किंवा वारणेच्या पट्ट्यातल्या ज्या गावांत महिला दूध संस्था निघाल्या, तिथं दहा दिवसांचं बिल बाईच्या हातात पडतं, आणि पोरीच्या कॉलेजची फी वेळेत भरली जाते. हा माझा अंदाज नाही; फीच्या पावत्या कर्ज प्रकरणाला जोडायला माझ्याकडेच यायच्या.

बीड भागातून येणाऱ्या टोळ्या या सहकारात कुठंच सभासद नाहीत. सहा महिने फडात राहतात, उचल (आगाऊ पैसे) मुकादमाकडून घेतात, आणि आपण त्यांच्या ‘खुशाली’बद्दल, म्हणजे तोडीसाठी ते वर मागतात त्या पैशाबद्दल, तक्रार करतो. साखर कारखाना शेतकऱ्याचा सहकार आहे. ऊस तोडणाऱ्याचा तो कधी नव्हताच.

वडील वारले. शेअर कुणाच्या नावावर होणार?

वारस नामनिर्देशन झालं असेल तर अर्ज, मृत्यूचा दाखला, आधार आणि संस्थेचा ठराव, एवढ्यात काम होतं. नसेल तर वारसांची संमती, आणि भाऊबंदकी असेल तर कोर्टाचा दाखला. कर्ज शिल्लक असेल तर तेही शेअरबरोबर येतं, हे लक्षात ठेवा.

पुण्याला नोकरी करणारी पोरं म्हणतात, “मामा, कशाला पाहिजे तो शेअर? विकून टाकू.” मी सांगतो, नावावर करून घे, आणि सप्टेंबरात सभेला एक दिवसाची रजा काढून ये. तुझा ऊस नाही, तुला तोडीची भीती नाही. गावात आता मोकळं बोलू शकणारा तूच राहिलास.